चार मतं कमी पडली: थॅचरबाई पक्षनेत्या म्हणून एकही निवडणूक न हरता घरी कशा गेल्या?

२०२५च्या ऑक्टोबरात ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचं नाव पुन्हा बातम्यांत आलं. १३ तारखेला त्यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. आठवडाभरात, २१ तारखेला, जपानमध्ये साने ताकाइची पंतप्रधान झाल्या. त्या देशातल्या त्या पहिल्याच महिला पंतप्रधान, विचारांनी पक्क्या उजव्या आणि थॅचर हा आपला आदर्श असल्याचं उघड सांगणाऱ्या. साहजिकच 'पोलादी स्त्री' कोण होती, तिने काय केलं, यावर बरंच छापून आलं.

हे सगळं वाचताना एका जागी वाचक हमखास अडखळतो. बाईंनी १९७९, १९८३ आणि १९८७ अशा लागोपाठ तीन सार्वत्रिक निवडणुका जिंकल्या. शेवटच्या निवडणुकीत ६५० पैकी ३७६ जागा मिळाल्या, म्हणजे घसघशीत बहुमत. पुढे नोव्हेंबर १९९०मध्ये पक्षांतर्गत मतदान झालं. त्यात त्यांना २०४ मतं पडली, प्रतिस्पर्ध्याला १५२. तरी दोन दिवसांत त्यांनी राजीनामा दिला. जास्त मतं मिळवणारा घरी जातो, ही कसली निवडणूक?

उत्तर दोन गोष्टींत आहे. एक पक्षाच्या नियमावलीतली अट आणि दुसरी चक्क घरपट्टी. गंमत म्हणजे या दोन्ही गोष्टींचा बाईंना वर चढतानाही उपयोग झाला होता.

हुजूर म्हणजे कोण?

ब्रिटनच्या काँझर्व्हेटिव्ह पक्षाला मराठी वर्तमानपत्रांनी फार पूर्वीच 'हुजूर पक्ष' असं नाव दिलं आणि लेबरला 'मजूर पक्ष'. यमक छान जुळलं, पण हुजूर म्हटलं की डोळ्यांसमोर जमीनदार, सरदार आणि त्यांचे क्लब येतात. थॅचरबाई त्यातल्या नव्हत्या. काँझर्व्हेटिव्ह या शब्दाचा अर्थ जपून चालणारा: जे चालत आलंय ते घाईने मोडू नये, बदल हळूहळू करावा, कुटुंब, कायदा, मालमत्ता आणि देशाभिमान यांना धक्का लागू देऊ नये.

दुसऱ्या महायुद्धानंतर या पक्षाने मजूर पक्षाशी न लिहिलेली तडजोडच केली होती. कोळसा, रेल्वे, वीज सरकारी राहील, कामगार संघटनांशी बोलून निर्णय होतील, बेकारी वाढू द्यायची नाही. थॅचरबाईंनी ही घडीच मोडायला घेतली. जपून चालणाऱ्या पक्षाची ही नेती, चालत आलेलं मोडण्यातच तिची कारकीर्द गेली. म्हणून तिचे सगळ्यात चिवट विरोधक स्वतःच्या पक्षातच होते. त्यांना ती 'वेट' म्हणजे लेचेपेचे म्हणायची.

किराणा दुकानावरचं घर

इंग्लंडच्या लिंकनशर परगण्यातलं ग्रँथम हे लहानसं गाव. तिथे आल्फ्रेड रॉबर्ट्स यांचं किराणा दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर बिऱ्हाड. गरम पाण्याचा नळ नाही, संडास बाहेर. वडील मेथडिस्ट पंथाचे, रविवारी प्रवचन करणारे. ते गावच्या नगरपालिकेतही होते आणि बरीच वर्षं तिथल्या अर्थ समितीचे अध्यक्ष होते. पालिकेचा खर्च किती आणि त्यासाठी घरपट्टी किती लावायची, हा हिशेब मुलीने घरातच ऐकला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मार्गारेट ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल कॉलेजात रसायनशास्त्र शिकली. पुढे नोबेल मिळवणाऱ्या डोरोथी हॉजकिन तिच्या शिक्षिका होत्या. १९५० आणि १९५१मध्ये डार्टफर्डमधून दोनदा पडली. १९५१मध्येच डेनिस थॅचर या उद्योजकाशी लग्न झालं. १९५३मध्ये जुळी झाली, त्याच वर्षाअखेर तिने वकिलीची परीक्षा दिली आणि करविषयक कायदा हा आपला विषय केला. १९५९मध्ये उत्तर लंडनमधल्या फिंचलीतून ती खासदार झाली.

१९७०मध्ये एडवर्ड हीथ पंतप्रधान झाले आणि त्यांनी तिला शिक्षणमंत्री केलं. सात वर्षांवरच्या शाळकरी मुलांना मिळणारं फुकट दूध तिच्या खात्याने बंद केलं आणि 'दूधचोर' ही पदवी कायमची चिकटली.

पंतप्रधान निवडतं कोण?

ब्रिटनमध्ये पंतप्रधानाच्या नावावर कोणी शिक्का मारत नाही. मतदार आपापला खासदार निवडतो. ज्याच्या पाठीशी सभागृहात बहुमत, त्याला राजा किंवा राणी सरकार बनवायला बोलावते. बहुमतवाल्या पक्षाचा नेता म्हणजेच पंतप्रधान. म्हणून पक्षाने नेता बदलला की पंतप्रधान आपोआप बदलतो, निवडणूक घ्यावी लागत नाही. गृहनिर्माण सोसायटीचं उदाहरण घ्या. सभासद कमिटी निवडतात आणि कमिटी आपल्यातला चेअरमन. कमिटीने मध्येच चेअरमन बदलला तर सोसायटीची पुन्हा निवडणूक होत नाही.

मग पक्षाचा नेता कसा ठरायचा? हुजूर पक्षात १९६५पर्यंत याला नियमच नव्हता. बुजुर्ग मंडळी आपसात बोलायची आणि नेता 'उगवायचा'. १९६५मध्ये पहिल्यांदा नियम झाले: फक्त पक्षाचे खासदार मत देतील, तेही गुप्त. पहिल्या फेरीत जिंकायचं तर दोन अटी. निम्म्याहून जास्त मतं हवीत, शिवाय दुसऱ्या क्रमांकापेक्षा १५ टक्क्यांची आघाडी हवी. नेत्याच्या मागे पक्ष ठळकपणे उभा आहे हे दिसावं, काठावरचा नेता नको, हा हेतू. ते जमलं नाही तर दुसरी फेरी. तीत साधं बहुमत पुरे, आणि मुख्य म्हणजे नवे उमेदवारही उतरू शकतात.

हा शेवटचा मुद्दा वाचताना निसटतो. १९९०मध्ये सगळा घोळ त्यानेच घातला.

१९७५मध्ये नियम आणखी कडक झाले. १५ टक्के आता पडलेल्या मतांचे नव्हे, मतदानाचा हक्क असलेल्या सगळ्या खासदारांचे मोजायचे. म्हणजे कोरी किंवा बाद मतपत्रिकाही नेत्याच्या विरोधात जमा. आणि नेत्याला आव्हान दरवर्षी देता येईल. १९७४मध्ये दोनदा निवडणूक हरलेले हीथ खुर्ची सोडत नव्हते, त्यांना हलवण्यासाठी ही सोय.

त्याचा पहिला फायदा थॅचरबाईंनाच झाला. ४ फेब्रुवारी १९७५ला पहिल्या फेरीत त्यांना १३०, हीथ यांना ११९ आणि ह्यू फ्रेझर यांना १६ मतं. त्यांनाही १५ टक्क्यांची आघाडी नव्हतीच. पण बसलेला नेता मागे पडला म्हणजे विषय संपला. हीथ बाजूला झाले. आठवड्याने दुसऱ्या फेरीत बाईंनी १४६ मतं घेतली, विली व्हाइटलॉ यांना ७९. प्रचार सांभाळला होता एअरी नीव्ह यांनी. त्यांची रीत साधी होती: एकेका खासदाराला गाठायचं, नाव टिपून ठेवायचं आणि बाहेर सांगताना आपला आकडा कमी करून सांगायचा. त्यामुळे 'हीथना थोडा झटका देऊ, बाई कुठे निवडून येणार आहेत' असं म्हणणाऱ्यांचीही मतं पडली. पंधरा वर्षांनी बाईंना नेमकी अशा माणसाची गरज होती. पण नीव्ह मार्च १९७९मध्ये, संसदेच्या वाहनतळावर उत्तर आयर्लंडमधल्या दहशतवाद्यांनी केलेल्या बॉम्बस्फोटात मारले गेले होते.

अकरा वर्षांत केलं काय?

थोडक्यात सांगायचं तर महागाई, संप आणि सरकारी मालकी या तिन्हींवर हात घातला.

त्या ४ मे १९७९ला पंतप्रधान झाल्या तेव्हा महागाईचा दर १० टक्क्यांच्या वर होता. पुढच्या वर्षी तो १८च्या घरात गेला. उपाय कडू होता. चलनपुरवठा आवळायचा, व्याजदर चढे ठेवायचे, कारखाने बुडाले तरी सरकारने हात द्यायचा नाही. नोव्हेंबर १९७९मध्येच व्याजदर १७ टक्के झाले होते आणि १९८२च्या सुरुवातीला बेकारांची संख्या ३० लाखांवर गेली. ३६४ अर्थतज्ज्ञांनी जाहीर पत्र लिहून हे धोरण बदला म्हणून सांगितलं. बाई बधल्या नाहीत. १९८३पर्यंत महागाई पाच टक्क्यांच्या खाली आली. किंमत योग्य होती का, यावर ब्रिटनमध्ये अजून भांडणं होतात. ज्या गावांत खाण किंवा पोलाद कारखाना हाच एक धंदा होता, त्यांना विचारलं तर उत्तर वेगळं मिळतं.

एप्रिल ते जून १९८२ फॉकलंडचं युद्ध, १९८४-८५ला खाणकामगारांचा वर्षभराचा संप, ब्रायटनच्या हॉटेलातला बॉम्बस्फोट. या सगळ्यावर भरपूर लिहिलं गेलंय, इथे नको.

सगळ्यात खोल गेलेला निर्णय मात्र घरांचा. ब्रिटनमध्ये पालिकांनी बांधलेल्या भाड्याच्या घरांत लाखो कुटुंबं राहत. १९८०च्या कायद्याने त्या भाडेकरूला आपलं घर विकत घेण्याचा हक्क दिला. तीन वर्षं राहिलेल्याला बाजारभावात ३३ टक्के सूट, पुढच्या दर वर्षाला एक टक्का जास्त, कमाल ५० टक्के. सरकारी चाळीतल्या भाडेकरूला अर्ध्या भावात खोली नावावर करून मिळाली तर तो कोणाला मत देईल, हे सांगायला नको. बाईंच्या काळात दहा लाखांच्या आसपास घरं अशी विकली गेली. दुसरी बाजू अशी की विक्रीतून आलेला बहुतेक पैसा पालिकांना नव्या घरांवर खर्च करू दिला नाही. भाड्याच्या स्वस्त घरांचा साठा आटत गेला, तो आजवर भरून निघालेला नाही.

घरपट्टी काढा, माणशी पट्टी लावा

१९७४च्या ऑक्टोबरातल्या निवडणुकीत घरबांधणी आणि पालिकांचा विषय बाईंकडे होता. त्यांनी दोन आश्वासनं दिली: गृहकर्जाचं व्याज साडेनऊ टक्क्यांवर जाऊ देणार नाही आणि घरपट्टी रद्द करू. पक्ष हरला, पण बाईंचं नाव घरोघरी पोचलं. पुढे पंतप्रधान झाल्यावरही ते घरपट्टीचं आश्वासन शिल्लकच होतं.

तिथली घरपट्टी, म्हणजे 'रेट्स', आपल्या जुन्या घरपट्टीसारखीच होती. घर भाड्याने दिलं तर किती भाडं येईल, हे ठरवून त्यावर आकारणी. तक्रारही आपल्यासारखीच, की मोठ्या घरात एकटी राहणारी विधवा भरते भरपूर आणि शेजारी चार कमावते असलेलं कुटुंब भरतं कमी. शिवाय बऱ्याच मतदारांना ती भरावीच लागत नसे. मग उधळ्या पालिकेला मत द्यायला त्यांचं काय जातं, असा हुजूर पक्षाचा युक्तिवाद. १९८५मध्ये स्कॉटलंडमध्ये घरांची फेरआकारणी झाली, पट्टी एकदम वाढली आणि ओरड सुरू झाली. सरकारला घाई झाली.

उपाय काढला तो असा: घरावरची पट्टी बंद, प्रत्येक प्रौढ माणसामागे ठरावीक रक्कम. अधिकृत नाव 'कम्युनिटी चार्ज', लोकांच्या तोंडी 'पोल टॅक्स'. पोल म्हणजे डोकं. डोकं मोजून पट्टी.

मानीव आकड्यांनी पाहू. बंगल्यातल्या विधवेची घरपट्टी ६०० पौंड होती, शेजारच्या छोट्या घराची ३००. नवी पट्टी माणशी ३५०. विधवेचे २५० वाचले. छोट्या घरात मात्र नवरा, बायको आणि दोन मोठी मुलं. त्यांचं बिल ३००वरून १,४०० झालं. आता मतं मोजा. सुटलेली एक, चिडलेली चार.

यात श्रीमंत-गरीब हा फरकच उरला नाही. वाड्यात राहणारा सरदार आणि त्याच पालिकेच्या कचरागाडीवरचा कामगार, दोघांना सारखीच रक्कम. बेकार आणि विद्यार्थ्यांना सवलत होती, पण त्यांनाही २० टक्के भरावेच लागत.

याहून मोठी चूक गणितात होती. पालिकेच्या खर्चाचा साधारण चौथा भागच या पट्टीतून येणार होता. बाकीचा केंद्राचं अनुदान आणि धंद्यांवरचा कर यांतून, आणि तो आकडा लंडनहून ठरणार. समजा पालिकेचा खर्च १०० आहे. ७५ वरून येतात, २५ लोकांकडून. महागाईमुळे खर्च ११० झाला. वरचे ७५ जागचे हलत नाहीत, म्हणजे लोकांकडून ३५ काढायचे. खर्च वाढला १० टक्के, पट्टी वाढली ४० टक्के. मतदाराने याचा राग पालिकेवर काढावा अशी सरकारची अपेक्षा होती. मतदाराने तो थॅचरबाईंवर काढला. इंग्लंडमध्ये सरासरी २७८ पौंड पट्टी बसेल असा सरकारी अंदाज होता, प्रत्यक्षात ती ३६०च्या पुढे गेली.

वसुलीची तर दैनाच झाली. घर पळून जात नाही, माणूस जातो. भाड्याने राहणारे, विद्यार्थी, मुक्काम बदलणारे यांची नोंदवही दर आठवड्याला शिळी व्हायची. ज्यांना बिलं पाठवायची, त्यांची संख्या जवळपास दुप्पट झाली. पट्टी चुकवण्यासाठी काहींनी मतदारयादीतूनच नाव काढून घेतलं. न भरणाऱ्यांचे खटले न्यायालयांत इतके साचले की कारकून हैराण. आयल ऑफ वाइट बेटावर तर पहिल्याच खेपेचे दावे नोटिशीची मुदत नीट न दिल्यामुळे फेटाळले गेले.

स्कॉटलंडमध्ये ही पट्टी १ एप्रिल १९८९पासून लागू झाली, इंग्लंड आणि वेल्समध्ये बरोबर वर्षाने. आदल्या दिवशी, ३१ मार्च १९९०ला, लंडनच्या ट्रफाल्गर चौकातल्या प्रचंड मोर्चाचं पर्यवसान दंगलीत झालं. पण खासदारांची झोप दंगलीने उडाली नाही, पोटनिवडणुकांनी उडवली. मार्चमध्ये मिड स्टॅफर्डशरची पक्की जागा मजूर पक्षाने घेतली, ऑक्टोबरात ईस्टबर्न लिबरल डेमोक्रॅट्सनी. त्यात व्याजदर वर्षभर १५ टक्के. तिथली गृहकर्जं बहुतेक बदलत्या दराची, म्हणजे दर महिन्याचा हप्ता फुगलेला. साडेनऊ टक्क्यांचं वचन देणाऱ्या बाईंच्या राज्यात ही वेळ.

फुटलेल्या बॅटी

एवढं असूनही मंत्रिमंडळ एकसंध असतं तर निभावलं असतं. ते नव्हतं. वाद युरोपचा होता: ब्रिटनने पौंड युरोपीय चलनांशी बांधायचा का, आणि पुढे एक चलन स्वीकारायचं का. अर्थमंत्री नायजेल लॉसन ऑक्टोबर १९८९मध्ये राजीनामा देऊन गेले. ३० ऑक्टोबर १९९०ला बाईंनी सभागृहात युरोपला अधिक अधिकार देण्याच्या कल्पनेला तीनदा 'नाही' म्हणून सुनावलं. दोन दिवसांनी उपपंतप्रधान जेफ्री हाव यांनी राजीनामा दिला. १९७९च्या पहिल्या मंत्रिमंडळातले ते शेवटचे उरलेले. मऊ आवाजाचे, कंटाळवाणं बोलतात म्हणून चेष्टेचा विषय झालेले.

१२ नोव्हेंबरला लंडनच्या महापौरांच्या मेजवानीत बाई क्रिकेटच्या भाषेत बोलल्या. गोलंदाजी सध्या आक्रमक आहे, पण मी अजून खेळपट्टीवर आहे, बाउन्सर आला म्हणून खाली वाकणार नाही, असा सूर. दुसऱ्या दिवशी हाव सभागृहात उठले. युरोपशी वाटाघाटी करणाऱ्या मंत्र्यांची अवस्था त्यांनी सांगितली: सलामीचे फलंदाज मैदानात उतरतात, पहिला चेंडू पडतो आणि कळतं की सामन्याआधी कप्तानानेच आपल्या बॅटी मोडून ठेवल्यात. संसदेचं कामकाज टीव्हीवर दाखवायला लागून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. मागच्या बाकावरून शांत आवाजात बोलणारा हा माणूस आणि समोर ताठ बसलेल्या बाई, हे सगळ्या देशाने पाहिलं.

दुसऱ्याच दिवशी मायकल हेझेल्टाइन यांनी आव्हान दिलं. हेलिकॉप्टर कंपनीच्या वादावरून १९८६मध्ये मंत्रिमंडळाच्या बैठकीतून उठून गेलेले हे गृहस्थ तेव्हापासून संधीच्या शोधात होते.

२० नोव्हेंबरचं गणित

मतदार होते पक्षाचे ३७२ खासदार. अट अशी की निम्म्याहून जास्त, म्हणजे किमान १८७ मतं, आणि ३७२च्या १५ टक्क्यांची आघाडी. ३७२ गुणिले १५ भागिले १०० म्हणजे ५५.८, अर्थात ५६.

निकाल: थॅचर २०४, हेझेल्टाइन १५२, कोणालाच नाही १६.

पहिली अट सहज पार. दुसरीचं काय? २०४ उणे १५२ बरोबर ५२. चार कमी. हेझेल्टाइन यांच्याकडच्या फक्त दोघांनी बाजू बदलली असती, तर २०६ विरुद्ध १५० होऊन आघाडी नेमकी ५६ झाली असती.

ही दोन मतं मिळवणं फार अवघड होतं का? मतदानाच्या दिवशी बाई पॅरिसमध्ये होत्या, युरोपीय सुरक्षेच्या परिषदेला. खासदारांच्या चहाच्या खोलीत चक्कर मारून 'तुझं काय चाललंय?' विचारणं त्यांनी केलंच नाही. प्रचाराची सूत्रं असलेले पीटर मॉरिसन गाफील राहिले. खासदाराने 'मी बाईंबरोबर' म्हटलं की ते खरं धरत. गुप्त मतदानात असं म्हणायला पैसे पडत नाहीत. आदल्या वर्षी सर अँथनी मेयर हे अपरिचित खासदार नावापुरते उभे राहिले होते. ३१४ विरुद्ध ३३ अशी बाईंची सरशी झाली, पण कोऱ्या-बाद धरून जवळपास ६० जण तेव्हाच त्यांच्या मागे नव्हते. तो इशारा कोणी मनावर घेतला नाही.

'पण पहिल्या तर त्याच आल्या ना?'

आल्या. आणि निकाल कळताच पॅरिसमधल्या दूतावासाच्या पायऱ्या उतरून त्यांनी दुसऱ्या फेरीतही लढणार असं जाहीर केलं. दुसऱ्या फेरीत १८७ पुरे होते आणि हातात २०४ होते. मग अडलं कुठे?

इथे तो निसटणारा नियम आला. दुसऱ्या फेरीत नवे उमेदवार येऊ शकत होते. २०४ पैकी बरेच जण बाईंचे भक्त नव्हते, त्यांना फक्त हेझेल्टाइन नको होते. बाई बाजूला झाल्या तर परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड किंवा अर्थमंत्री जॉन मेजर उभे राहू शकतील आणि हेझेल्टाइन यांना अडवतील. बाई अडून बसल्या तर कंटाळलेली मतं हेझेल्टाइनकडे वाहतील. म्हणजे हेझेल्टाइन यांना रोखायचं तर आधी बाईंनीच हटायला हवं, असं उलटं गणित झालं.

२१च्या संध्याकाळी त्यांनी मंत्र्यांना एकेकटं आपल्या खोलीत बोलावलं. बहुतेकांचं वाक्य ठरल्यासारखं: मी तुमच्याबरोबर आहे, पण तुम्ही हराल. सगळ्यांना एकत्र बसवलं असतं तर समोरासमोर असं बोलायला निम्मे कचरले असते, असं माझं मत. २२ नोव्हेंबरला सकाळी साडेनऊच्या सुमारास राजीनाम्याची बातमी बाहेर आली. जॉन मेजर या सगळ्या धामधुमीत अक्कलदाढ काढून घरी पडून होते.

२७ तारखेला दुसरी फेरी. मेजर १८५, हेझेल्टाइन १३१, हर्ड ५६. हवी होती १८७, म्हणजे मेजर यांनाही दोन कमीच. पण बाकीच्या दोघांनी लगेच माघार घेतली आणि मेजर पंतप्रधान झाले. चार मतं कमी पडलेल्या बाई आणि दोन कमी पडलेला माणूस यांच्यात फरक इतकाच, की एकाला अजून कोणी कंटाळलं नव्हतं.

'बाई होत्या म्हणून काढलं का?'

हा प्रश्न हटकून येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. १९७९च्या संसदेत ६३५ पैकी १९ स्त्रिया होत्या. त्या संध्याकाळी एकेक करून खोलीत आलेले सगळे मंत्री पुरुष. पण याला त्याही जबाबदार: अकरा वर्षांत त्यांच्या मंत्रिमंडळात दुसरी स्त्री आली ती एकच, बॅरोनेस यंग, तीही दोन वर्षांपुरती. आणि याच नियमाने १९७५मध्ये हीथ गेले होते, ते पुरुष होते. त्यांच्याबद्दल बोलण्याची भाषा बाई म्हणून नक्कीच वेगळी होती, त्यांची मतं मात्र घरपट्टीने आणि व्याजदराने खाल्ली.

'जनतेचा कौल डावलला' हा दुसरा आक्षेप. कायद्याने पाहिलं तर कौल पक्षाच्या ३७६ उमेदवारांना होता. खासदारांनी आपल्या जागा वाचवल्या, आणि हिशेब तरी बरोबर निघाला. मेजर यांनी सुरुवातीलाच पोल टॅक्स गुंडाळायला घेतला, १९९३मध्ये त्याच्या जागी घराच्या किमतीवर बसणारा कर आला आणि मधल्या १९९२च्या निवडणुकीत पक्ष चौथ्यांदा निवडून आला.

आपल्याकडे असं होईल का?

एकदा झालंय. लालबहादूर शास्त्रींच्या निधनानंतर १९ जानेवारी १९६६ला काँग्रेसच्या खासदारांनी गुप्त मतदानाने नेता निवडला. इंदिरा गांधी ३५५, मोरारजी देसाई १६९. त्यानंतर आपल्याकडे रूढ झाला तो एका ओळीचा ठराव: नेता निवडण्याचे सर्वाधिकार हायकमांडला.

पक्षांतरबंदीचा कायदा आडवा येतो का? तो १९८५मध्ये आला आणि सभागृहातल्या मतदानाला व्हिप लागू करतो. पक्षाच्या बंद खोलीतली नेतानिवड त्याच्या कक्षेत येत नाही. अडचण कायद्याची नाही. आपल्या पक्षांत नेत्याला दरवर्षी आव्हान देण्याचा नियम नाही, गुप्त मतपेटी नाही, आणि तिकीटवाटप नेत्याच्याच हाती. म्हणून आपल्याकडचं नाराजीचं रूप वेगळं: आमदारांचा गट फुटतो, हॉटेलात जातो आणि प्रकरण निवडणूक आयोग आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचतं. हुजूर पक्षाने हे सगळं एका खोलीत, एका आठवड्यात उरकलं.

आजच्या नियमाने बाई वाचल्या असत्या का?

१५ टक्के आघाडीची अट १९९८मध्ये गेली. तेव्हापासून दोन टप्पे: ठरावीक संख्येने खासदारांनी अविश्वासाची पत्रं दिली की नेत्यावर विश्वासमत, त्यात साधं बहुमत मिळालं की नेता सुरक्षित. हरला तर खासदार उमेदवार गाळून दोघांवर आणतात आणि शेवटची निवड देशभरचे पक्षसदस्य करतात. पक्षसदस्यांच्या याच निवडीने २०२२मध्ये लिझ ट्रस पंतप्रधानपदी आल्या. थॅचर यांचा वारसा सांगणाऱ्या त्या ४९ दिवसांत गेल्या.

कागदावर पाहिलं तर नव्या नियमाने थॅचरबाई टिकल्या असत्या. ३७२ पैकी २०४ म्हणजे जवळपास ५५ टक्के. पण डिसेंबर २०१८मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी २०० विरुद्ध ११७ असं विश्वासमत जिंकलं, म्हणजे ६३ टक्के, आणि सहा महिने व्हायच्या आत राजीनाम्याची घोषणा केली. ६ जून २०२२ला पंतप्रधान बोरिस जॉन्सन २११ विरुद्ध १४८ने जिंकले, ५९ टक्के. ते ७ जुलैला पायउतार व्हायला तयार झाले.